सेवा करायची आहे? आधी एक वही घ्या

नोव्हेंबर संपत आला की आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ घोरपडीला माझ्या घरी येतो. "सिस्टर, या नाताळला ब्लँकेटं वाटायची ना?" सदतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची अकरा वॉर्ड सिस्टर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी मला काकू कोणी म्हणत नाही. पोरं चांगली आहेत, हौसेनं येतात. त्यांना काय सांगते तेच इथे लिहितेय, कारण दरवर्षी तोंडी सांगून माझा घसा बसतो.

ब्लँकेटं आम्ही तीन वर्षांपूर्वी वाटली. मरून रंगाची, कडेला पिवळी पट्टी, साठ नग. रात्री अकराला स्टेशनबाहेर वाटली, फोटो काढले, अमृततुल्यचा चहा घेतला, घरी गेलो. पुढच्या बुधवारी मी मिक्सरचं भांडं शोधायला मंगळवार पेठेत जुन्या बाजारात गेले, तर एका पथारीवर आमची चार ब्लँकेटं घडी घालून ठेवलेली. विकणारा म्हणाला, "डिसेंबरात लय येतात मॅडम. एकेकाला चार-चार मिळतात, ठेवणार कुठं?" मला आधी राग आला, मग लाज वाटली. फुटपाथवर झोपणाऱ्याला दिवसा सामान ठेवायला जागा नसते, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी एका पथारीवाल्यानं सांगितलं. साठ माणसांना भेटलो होतो आम्ही, आणि एकालाही विचारलं नव्हतं.

बार्तीमयाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. त्याला काय हवंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? (मार्क १०:५१). संडे स्कूलला शिकवताना ही ओळ मी वर्षानुवर्षं भरभर वाचून पुढच्या चमत्काराकडे जायचे.

म्हणून पहिली पायरी ही, की दुकानात जाऊन एक दोनशे पानी लाँगबुक घ्या. मोबाइलमध्ये नको. समोरच्याला आपण काय लिहितोय ते दिसलं पाहिजे. पानावर सहा रकाने आखा: तारीख, नाव, काय मागतात (त्यांच्याच शब्दांत), देणं कोणाचं, पुढची तारीख, काय झालं.

यातला चौथा रकाना भरायला सगळ्यात जड जातो. देणं कोणाचं? समोरच्या बाईला पैसे कमी पडतायत, ठीक आहे. पण ठेकेदारानं दोन महिन्यांची मजुरी दाबली म्हणून पडतायत का? रेशन दुकानदार धान्य कमी देतो म्हणून? की रुग्णालयात मोफत मिळायला हवं होतं त्याचं बिल लावलंय? तिचं येणं कोणाकडे तरी अडकलेलं असेल आणि आपण खिशातून भरलं, तर ठेकेदार सुटला, दुकानदार सुटला, आणि पुढच्या महिन्यात बाई पुन्हा आपल्याच दारात. तिला आपले उपकार, त्यांना आयती सूट. बायबलमधल्या मीखा संदेष्ट्यानं तीन गोष्टी सांगितल्या आहेत: न्यायानं वागणं, आवडीनं दया करणं, देवासमोर नम्रपणे चालणं (मीखा ६:८). आमच्या मंडळीत दुसरी फार आवडते, तिसरीवर प्रार्थना लांबतात, आणि पहिलीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "हे जरा राजकारण होतंय." न्याय तिथे पहिला लिहिलाय, त्याला माझा नाइलाज आहे.

पहिली नोंद स्वतःच्या घरातली

वहीची पहिली नोंद बाहेरची नसावी. माझ्या पहिल्या नोंदीत माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी आहेत. रकाना चौथा: देणं माझं.

झालं असं, की माझ्या पेन्शनवरचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, आणि तो वेळेवर वाढला नाही की मी बँकेत जाऊन विचारते. मावशींचा पगार मी तीन वर्षं वाढवला नव्हता. त्या कधी बोलल्या नाहीत, मी कधी विचारलं नाही. आणखी एक. रविवारी मी उपासनेला जाते, येताना मटण आणते, म्हणजे रविवारी भांडी जास्त. विसाव्याची आज्ञा बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात वाचून पाहा: तुझ्या दासालाही, दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा म्हणून. आज्ञेचं अर्धं वाक्य मी पाळत होते, ते म्हणजे स्वतःच्या विसाव्याचं.

आता मावशींना रविवारी सुट्टी असते, महिन्याला आणखी दोन भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार. पगार दर जानेवारीत वाढतो आणि किती वाढवायचा हे आधी त्या सांगतात. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ सालापासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यात नोंदणीसाठी मालकाचं पत्र लागलं तर चटकन लिहून द्या, "बघू नंतर" म्हणू नका. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. तेव्हा आमच्या शेजारच्या बायका म्हणत, "यांना कोण शिकवतं?" आज मला वाटतं, सहा महिने आधीच विचारलं असतं तर संप कशाला लागला असता.

घरातलीच दुसरी गोष्ट कचऱ्याची, ती पटकन सांगते. पुण्यात दारोदार कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई हातानं कचरा वेगळा करतात. ही २००८ पासूनची कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळे द्या. महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात द्या, त्यांना तीन चकरा मारायला लावू नका. एवढं सोपं आहे. तरी आमच्या सोसायटीत प्रार्थनासभा भरवणारी तीन घरं हे करत नाहीत. लिहू की नको असं झालं होतं, लिहिलं.

पाठवू नका, बरोबर जा

दवाखान्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथली भाषा मला येते.

गवंडीकाम करणाऱ्या एका माणसाच्या बायकोचं अपेंडिक्स फुटायला आलं होतं. घरच्यांनी तिला जवळच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नेलं. मला निरोप आला तो असा: "सिस्टर, मंडळीतून चाळीस हजार जमतील का?" पाळकसाहेब रविवारी खास अर्पण घ्यायला तयार होते. मी वही उघडली. देणं कोणाचं?

धर्मादाय संस्थांच्या रुग्णालयांना महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली तशी योजनाच घालून दिली. त्यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवतं. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर माणूस निर्धन धरतात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. हे पैसे मेहेरबानीचे नव्हेत. संस्थेला धर्मादाय म्हणून ज्या सवलती मिळतात, त्यांच्या बदल्यातलं हे देणं आहे.

आता करायचं काय ते सांगते. भरती होतानाच, पहिल्याच खिडकीवर सांगा: "आम्हाला निर्धन रुग्ण योजनेतून खाट हवी आहे, तुमचे वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात?" बिल हातात आल्यावर सांगाल तर फार उशीर झालेला असतो. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्यावरची मुदत बघा, आमच्या वेळी नेमकी ती संपलेली निघाली आणि दोन दिवस तेवढ्यात गेले. पेशंट तातडीचा असेल तर आधी भरती करून घेणं बंधनकारक आहे, कागद मागून येतात, आणि अशा वेळी अनामत मागता येत नाही. "खाट शिल्लक नाही" म्हणाले तर आवाज न चढवता म्हणा, "तेवढं लिहून द्या." एवढ्यानं निम्मी कामं होतात. नाही झालं तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा. खिडकीवरच्या मुलीवर मात्र डाफरू नका. ती बारा तास उभी आहे आणि नियम तिनं केलेले नाहीत. सदतीस वर्षं मी त्या बाजूला उभी होते.

त्या दिवशी मी सकाळी नऊला गेले आणि संध्याकाळी सहाला परतले. मधे मी केलं काय? बहुतेक वेळ बसले. नवऱ्याला सिमेंटच्या हातांनी खिडकीशी जायला भीती वाटत होती, मी शेजारी उभी राहिले की तोच बोलायचा. अर्ज त्यानं भरला, सही त्यानं केली. खाट सवलतीची मिळाली, मोफत नाही. उरलेले पैसे त्यानं उसने घेतले आणि फेडले. अर्पण घ्यावं लागलं नाही. मंगळसूत्र गहाण पडलं नाही.

तेव्हा दुसरी पायरी: माणसाला चिठ्ठी देऊन पाठवू नका, त्याच्याबरोबर जा. पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, झेरॉक्ससाठी सुट्टे पैसे, दोन पासपोर्ट फोटो आणि चालणारं पेन. बोलायचं त्यानं, आपण शेजारी.

माझी चूक

शाळेची गोष्ट सांगायला मला आवडत नाही, पण सांगायला हवी.

शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे २००९ च्या कायद्यानं, खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या इयत्तेतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. अर्ज ऑनलाइन, मग सोडत, मग निवड झालेल्यांना एसएमएस, मग ठरलेल्या तारखेच्या आत कागदपत्रांची पडताळणी. ताडीवाला रोडच्या वस्तीतल्या एका मुलीचा फॉर्म मी भरला. तिच्या आईच्या फोनचं रिचार्ज संपलेलं असायचं, म्हणून मी हुशारी केली आणि माझा नंबर घातला. सोडतीत मुलीचं नाव आलं. मी तेव्हा भाचीच्या लग्नाला नगरकडे. फोन पिशवीत, पिशवी बायकांच्या खोलीत. एसएमएस पाहिला तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते.

मी आईकडे जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या सिस्टर, तुम्ही तरी किती करणार." ती रागावली असती तर बरं झालं असतं. मुलगी आता महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे आणि पाढे फाडफाड म्हणते. त्यानं माझी चूक पुसली जात नाही. त्या दिवसापासून नियम केला: नंबर त्यांचा, फाइल त्यांच्या घरात, मूळ कागद आपल्याकडे एक रात्रही ठेवायचे नाहीत. रिचार्जचे पैसे द्यावे लागले तर द्या, तेवढी दया चालते.

याच संदर्भात आपल्या लोकांना एक विचारते. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. म्हणजे आपल्या संस्थांच्या शाळांना २५ टक्क्यांचं बंधन नाही. निकालामागे कारणं आहेत, आणि आपल्या संस्था टिकाव्यात असं मलाही वाटतं. पण कायद्यानं सोडलं म्हणून शास्त्रानंही सोडलं का? तुमच्यापैकी कोणी अशा शाळेच्या कमिटीवर असेल तर पुढच्या बैठकीत एवढाच विषय मांडा, की वस्तीतली किती मुलं आपण आपणहून घेतो. आकडा मिनिट्समध्ये लिहायला लावा.

चार गोष्टी, ज्यांवरून माझ्याशी भांडणं होतात

मदतीच्या पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालायची नाही. दवाखान्यातही नाही, पुरातही नाही. अडलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. कोणी आपणहून म्हटलं, "सिस्टर, तुमच्या देवाकडं माझ्यासाठी मागा," तर मी तिथेच मागते. एरवी पहाटे साडेपाचला वही समोर ठेवून एकेक नाव घेते. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे, म्हणून फोटोही नकोत. यावर तरुण संघ म्हणतो, "फोटो नाही टाकले तर देणगी कशी येणार?" येते. कमी येते.

दुसरं, नवऱ्याचा मार खाणारी बाई पाळकांकडे किंवा महिला मंडळाकडे आली की आपण तिला क्षमेचं वचन काढून देतो आणि घरी पाठवतो. हे बंद करा. मी वॉर्डात त्याच बायकांची टाके घातलेली डोकी पाहिली आहेत. क्षमा करायची की नाही आणि कधी, हे तिचं ती सुरक्षित झाल्यावर ठरवेल. आधी तिची राहण्याची सोय, मग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज. वकिलाची फी नाही म्हणून अडू नका. कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर कोर्टात आहे आणि १५१०० हा त्यांचा मोफत क्रमांक. नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

तिसरं, सेवा समितीत कोण बसतं? बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतलं भांडण आहे: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर दाबली नाही, सात जणांना वाटपाचं काम दिलं. त्या सातांची नावं वाचा, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात पळी दिली. आमच्या समितीत मात्र चार निवृत्त अधिकारी, एक डॉक्टर आणि मी. गेल्या वर्षी वस्तीतल्या दोघी घेतल्या आणि किल्ली त्यांतल्या एकीच्या हातात दिली. पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "तांदूळ नका देऊ, रेशनला मिळतो. तेल द्या." अकरा वर्षं आम्ही तांदूळ देत होतो.

चौथ्यावर सगळ्यात मोठं भांडण. आपल्या मंडळ्यांत आजही स्थळ आलं की हळूच विचारतात, "मूळचे कोण?" बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी विचारतात. जोवर आपण हे विचारतो तोवर बाहेर न्यायावर उपदेश करायला मी तरी उभी राहणार नाही. माझ्या मुलाच्या लग्नात मीही विचारलं होतं, उत्तर ऐकून गप्प बसले आणि लग्न लावून दिलं. पण विचारलं होतं.

पत्र लिहायची वेळ

सोलापूरच्या गाड्या माझ्या खिडकीतून दिसतात. त्याच रुळांवर पुढे केडगाव आहे, पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून तिथे वसवल्या, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच सुमाराला पुण्यात प्लेग आला. रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावण्यांत बायकांची जी हेळसांड चालली होती, तिच्यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'ला खरमरीत पत्र लिहिलं. सरकार त्यांच्या धर्माचं, मदत करणारेही परदेशी ख्रिस्तीच. गप्प बसल्या असत्या तर कोणी बोट दाखवलं नसतं. भाषणात आपण दुष्काळाची गोष्ट सांगतो, पत्राची सांगत नाही.

तर वहीत एकाच दुकानाचं, एकाच ठेकेदाराचं, एकाच खिडकीचं नाव चौथ्या रकान्यात तीनदा आलं, की चौथ्या माणसाबरोबर नुसतं जाऊन भागत नाही. तेव्हा पत्र लिहायचं. एक पान, तारखांसकट, विशेषणं न लावता. संबंधित अधिकाऱ्याच्या नावानं, पोच घेऊन. ज्यांच्या तक्रारी आहेत त्यांना वाचून दाखवून त्यांच्या सह्या आधी, मंडळीची शेवटी. कोणाला नाव द्यायची भीती वाटत असेल तर त्याचं नाव नको. हातावरचं काम जाईल ते त्याचं, आपली पेन्शन चालूच राहते. रेशनच्या एका पत्राला आम्हाला पाच महिने लागले. धान्य पूर्ण मिळू लागलं, दुकानदार अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तो आमच्याच गल्लीत राहतो.

एका वेळी किती नोंदी उघड्या ठेवायच्या? माझ्या वयाला सात. तुम्ही नोकरी करत असाल तर दोन पुरे. आठवी आली तर मंडळीतल्या दुसऱ्या कोणाला तरी वही घ्यायला लावा. कोणाच्याही घरी एकट्यानं जाऊ नका, लहान मुलांचं काम असेल तर मोठी माणसं दोन हवीतच. व्यवहारात पैसे उसने देऊ नका. द्यायचे तर देऊन टाका आणि विसरा.

तरुण संघ यंदाही आला होता. त्यांनी लाँगबुकं आणली आहेत, सहा, वर स्टिकर लावून. ब्लँकेटं या वर्षी नाहीत. दोघं स्टेशनवर रात्री जाऊन नुसते बसून आले, तिथल्या माणसांना सामान ठेवायला लॉकर हवेत असं म्हणतायत. देणं कोणाचं ते अजून ठरत नाहीये, रकाना पेन्सिलीनं भरलाय. मंगळवारी मला तहसीलला जायचंय, सेंटरिंगवाल्याच्या आईचा उत्पन्नाचा दाखला. ती साडेनऊला पुलाखाली उभी राहणार आहे.